जड वाहने लिपोवोमार्गे

१४ मार्च

स्नेझाना फोनवर म्हणाली, "आई, तू रोज तेच तेच गाऱ्हाणं सांगतेस. वहीत लिही की!" लिंझला राहून माझी पोरगी ऑस्ट्रियन लोकांसारखी घड्याळ बघून बोलायला लागली आहे. तर लिहिते.

आज गावाच्या दोन्ही टोकांना पिवळे फलक लागले. महामार्गावरच्या पुलाची दुरुस्ती, एक बाजू बंद, जड वाहने लिपोवोमार्गे म्हणजे आमच्याच गावातून, काम ऑगस्टअखेर पूर्ण. रायको सुतार फलकासमोर उभा राहून म्हणाला, "कुठल्या सालचा ऑगस्ट ते नाही लिहिलं."

मला काय त्याचं? महामार्ग झाला तेव्हापासून जुन्या रस्त्यावरची माझी खानावळ अर्धमेली आहे. नवरा होता तोवर दोघांनी ढकलली, तो गेल्यावर मी एकटीनं. ईस्टर झाला की कुलूप लावायचं आणि लिंझला लेकीकडे जायचं, असं ठरलं आहे. हे फक्त स्तामेनाला माहीत आहे. ती समोरच राहते, रस्त्यापलीकडे. सकाळी काठी टेकत येते, कॉफी पिते आणि माझी कॉफी पातळ असते असं सांगून जाते. लिंझचं ऐकून म्हणाली, "जा की. मी भिंतीशी बोलत कॉफी पीन. भिंत तुझ्यापेक्षा कमी बोलते."

संध्याकाळी कामाचा मुकादम आला. ल्युबिंको नाव. पोट पुढे, टोपी मागे. माणसांना दुपारचं जेवण देता का म्हणून विचारत होता. ईस्टरपर्यंत देईन म्हटलं.

२ एप्रिल

बाई गं, काय हे ट्रक! तुर्की, बल्गेरियन, पोलिश. खिडक्यांच्या काचा दिवसभर बडबडतात. शिव्या घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात पहिले चार ड्रायव्हर आत आले. घेवड्याचा रस्सा दुपारी एकलाच संपला. शेवटच्याला अंडी तळून दिली. तो तुर्की होता, डुकराचं मांस नको म्हणाला, मग त्याला चीज दिलं आणि तो गाडीतून मला खारे पिस्ते आणून देऊन गेला.

पायांची कणिक झाली आहे. पण खूप दिवसांनी झोपताना नवऱ्याची आठवण आली ती रागानं नाही. बघायला हवा होता मेला.

स्तामेना दोन दिवस कॉफीला आली नाही.

२६ एप्रिल

ईस्टर झाला. कुलूप लावलं नाही. स्नेझानाला सांगितलं, ऑगस्टपर्यंत थांबते. ती म्हणाली, "आई, तू त्या ट्रकांच्या प्रेमात पडलीस." पडले तर पडले.

स्तामेना येतच नाही. सकाळी तिच्या फाटकात येऊन उभी राहते, मी इकडून कॉफीचं भांडं वर करून दाखवते, ती हात हलवते आणि परत आत जाते. मध्ये ट्रक गेला की दिसेनाशी होते. तोंड फुगवलं आहे, दुसरं काय! माझी खानावळ मरत होती तोवर बाईला माझी दया होती. आता चालायला लागली तर पोटात दुखतंय. चाळीस वर्षांची मैत्रीण, पण माणूस कसा असतो ते चांगल्या दिवसात कळतं.

१९ मे

आज जेवताना ल्युबिंकोला सरळ विचारलं, "काय हो, तुमच्यात एक खणतो आणि चौघं बघत उभे असतात. असं का?"

"विदाबाई, जो खणतो त्याच्या पाठीकडून गाड्या येतात. म्हणून एक त्याची पाठ सांभाळतो. दुसरा काँक्रीटच्या गाडीची वाट बघतो. ती गाडी आम्हीच केलेल्या रांगेत अडकलेली असते. तिसऱ्यानं काल ओतलंय, ते मुरेपर्यंत त्याला पाणी मारत बसण्यापलीकडे काम नाही."

"आणि चौथा?"

"चौथा माझा मेहुणा आहे."

सगळे हसले, मेहुणा सगळ्यात जास्त. मग ल्युबिंको जरा गंभीर झाला. म्हणाला, अख्खा महामार्ग बंद केला असता तर चार महिन्यांत पूल हातावेगळा झाला असता. पण अर्ध्यावर गाड्या चालू ठेवून उरलेल्या अर्ध्यावर काम करायचं म्हणजे चालत्या माणसाच्या बुटाचा तळ बदलण्यासारखं आहे. निम्मा वेळ कामात जातो, निम्मा गाड्या सांभाळण्यात. आणि लोकांना तर बुटाची नाडीसुद्धा सुटलेली चालत नाही.

मला त्याचं बोलणं आवडतं. दुसऱ्यांदा घेवडा वाढला.

११ जून

वरचं डांबर खरवडून काढल्यावर खाली भलतंच निघालं. पुलाच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं पाणी आत जात होतं, हिवाळ्यात टाकलेलं मीठ त्यात मिसळत होतं आणि आतल्या सळया गंजून बिस्किटासारख्या झाल्या आहेत. ल्युबिंकोनं एक तुकडा टेबलावर ठेवला. बोटानं चुरला.

"एक उघडलं की खाली तीन निघतात," तो म्हणाला. "ऑगस्ट विसरा."

मी "अरेरे" म्हटलं. आत येऊन बटाटे सोलताना मात्र गाणं म्हणत होते, ते मेहुण्यानं ऐकलं.

५ जुलै

शाळेत गावाची बैठक झाली. ल्युबिंकोला मध्ये उभा करून सगळ्यांनी धारेवर धरला. रायकोच्या घराच्या भिंतीला तडा गेला आहे. कुणाच्या गाई दूध देईनाशा झाल्या. कुणी म्हणालं, "इतके महिने एक पूल? आमच्या आजोबांनी अख्खं गाव एवढ्यात बांधलं!" ल्युबिंको म्हणाला, "तुमच्या आजोबांच्या गावावरून दिवसाला हजारो ट्रक जात नव्हते." त्यावर आणखी आरडाओरडा.

स्तामेना काठी धरून उभी राहिली. पुतण्यानं गाडीतून आणलं होतं. म्हणाली, "मला फार काही नको. गावाच्या मध्यावर पांढरे पट्टे आणि एक सिग्नल द्या." ल्युबिंको म्हणाला, अर्ज वर गेला आहे. वर म्हणजे कुठे ते कुणालाच माहीत नाही.

शेवटी ठराव आला, जड वाहनं लिपोवोतून बंदच करा, लांबून डोंगराकडून जाऊ देत. हात वर करा म्हणाले. सगळ्यांचे हात वर. माझा नव्हता. का करू? मी कुणाचं घर पाडलं नाही, कुणाची गाय आटवली नाही. स्तामेनानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर मीही ऐकवलं असतं.

ठरावानं काही झालं नाही. तोही वर गेला.

८ ऑगस्ट

उन्हानं जीव नकोसा. माणसं सावलीला म्हणून माझ्याकडे येतात आणि मी त्यांना उठू देत नाही. खरं ते लिहायचं तर हे मी मुद्दाम करते. घेवड्यात चरबी जास्त टाकते, वर गोड काहीतरी, वर माझ्याकडून राकिया दारूचा एकेक प्याला. असं जेवलेला माणूस काँक्रीट ओतत नाही, झाडाखाली आडवा होतो. रोलर चालवणारा त्रिफुन काल चारपर्यंत घोरत होता.

ल्युबिंको म्हणाला, "विदाबाई, तुम्ही आम्हाला बुडवणार."

"खा हो," मी म्हटलं. "पूल कुठे पळून जातोय?"

२० सप्टेंबर

लाल मिरच्या आल्या. दर वर्षी मी आणि स्तामेना माझ्या अंगणात चूल मांडतो, ती भाजते, मी सोलते, दोन दिवस हात लाल आणि जीभ मोकळी. यंदा तिच्या अंगणातून धूर दिसला. एकटीनंच भाजल्या. मला हाकसुद्धा मारली नाही. मारली असेल तर ट्रकांत ऐकू आली नाही.

मी यंदा मिरच्या बाजारातून तयार आणल्या. ड्रायव्हरांना काय कळतंय?

४ ऑक्टोबर

सांधे बसले, काँक्रीट झालं, आता डांबर राहिलं आहे. पण ल्युबिंकोचा चेहरा उतरलेला. डांबर थंडीत टाकता येत नाही. गोठायला लागायच्या आत झालं तर ठीक, नाहीतर सगळं एप्रिलपर्यंत तसंच आणि ट्रकही एप्रिलपर्यंत इथूनच.

देवळात जाऊन मेणबत्ती लावून आले. कशासाठी ते इथेही लिहीत नाही.

३० ऑक्टोबर

उद्या स्लावा, आमच्या घरच्या संताचा, संत लुकाचा सण. स्लावाची भाकर भाजून झाली, गहू उकडून साखर-अक्रोड घालून ठेवला, मेणबत्ती काढून ठेवली. कोबीच्या पानांत खिमा भरून भरून बोटं वाकडी झाली.

स्नेझाना फोनवर म्हणाली, "स्तामेनामावशीला सांगितलंस ना?"

"स्लावाला कुणी बोलावणं करतं का? ज्याला यायचं तो येतो. नवीनच शिकलीस तिकडे?"

"आई, यंदा तिला घेऊन ये. तिचे गुडघे..."

"तिला यायचं असेल तर येईल. चाळीस वर्षं न बोलावता आली. माझ्या घरचा संत आहे, मी दारोदार हाका मारत फिरणार नाही."

बघू, येते की फुगूनच बसते.

१ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही.

सकाळपासून दाट धुकं होतं. पाद्री येऊन भाकर कापून गेला, गावातली माणसं आली, ल्युबिंको आणि त्याची माणसंही स्वच्छ शर्ट घालून आली. मी वाढत होते आणि सारखी दाराकडे बघत होते. बारा वाजले, स्तामेना नाही. मनात म्हटलं, झालं, या वेळी तोडलंच हिनं. आणि तेवढ्यात बाहेर ब्रेक किंचाळले.

ती रस्त्याच्या मध्यावर पडली होती. ट्रकचा आरसा खांद्याला लागला आणि ती आपटली. अंगावर तिचा काळा चांगला कोट होता. काठी कुठल्या कुठे गेली होती. एका हातात कॉफीचं पुडकं, घट्ट धरलेलं. ड्रायव्हर पोरगेलासा होता, डोकं धरून "दिसल्या नाहीत, दिसल्या नाहीत" एवढंच म्हणत होता. त्याला तरी काय बोलणार.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "स्लावा सुखाची जावो, विदे."

मांडीचं हाड मोडलं आहे. त्रिफुननं आणि ल्युबिंकोनं दोन्ही बाजूंनी रस्ता अडवून धरला, रुग्णवाहिका येईपर्यंत. ट्रकांच्या रांगेतून तिला यायला किती वेळ लागला ते मला विचारू नका.

मेणबत्ती तशीच जळत राहिली. कुणी जेवलं नाही. कोबीत भरलेला सगळा खिमा मी रायकोच्या कुत्र्यांना घातला.

४ नोव्हेंबर

इस्पितळात गेले. पाय वर टांगलेला, केस विंचरलेले नाहीत. मी विंचरले.

"कॉफीला का येत नव्हतीस गं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच डोकं आपटलं आहे. "विदे, मला रस्ता ओलांडता येत नव्हता. रोज फाटकाशी यायचे. दोन ट्रकांत फट दिसायची, पण मी निघेपर्यंत ती बुजायची. मग तुला हात करायचे आणि आत जायचे."

"मला वाटलं, तू जळतेस."

"कशावर? त्या घेवड्यावर?" ती हसायला लागली आणि दुखलं म्हणून थांबली. "तुझा घेवडा तुझ्या कॉफीइतकाच पातळ असतो."

बाहेर येऊन बसथांब्यावर रडले. लोक बघत होते, बघू देत.

५ नोव्हेंबर

ल्युबिंकोला म्हटलं, हा पूल आता लवकर संपवा. तो खुर्चीत मागे टेकला. "तुम्ही म्हणताय हे?"

त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. आठ तारखेला संत दिमित्री. त्रिफुनच्या घरचा संत. तो गावी जाणार, आणि तीन दिवसांच्या आत कुणाचीच स्लावा संपत नाही. रोलर चालवणारा दुसरा कुणी नाही. एकवीसला देवदूत मिहाइलो, पाच जणांच्या घरी. त्यांना नाही कोण म्हणणार? संतापुढे मुकादम कोण? आणि तेवढ्यात थंडी पडायची. दर वर्षी असंच होतं. लोकांना वाटतं आम्ही झोपा काढतो. डांबराचे चांगले दिवस आणि आमचे संत एकाच महिन्यात येतात.

"मग स्लावा इथेच करा," मी म्हटलं. "माझ्याकडे."

त्रिफुन उडालाच. "मावशी, संत घरी येतो. खानावळीत येत नाही."

"घर म्हणजे काय रे? तुझी बायको आणि तुझी आई जिथे भाकर ठेवतील ते घर. त्यांना बसनं बोलावून घे. मेणबत्ती तुमची, भाकर तुमची, टेबल माझं."

"आणि पाहुणे? ते माझ्या गावच्या घरी येतील, दाराला कुलूप बघतील."

"दाराला पाटी लाव. यंदा संत कामावर आहे म्हणावं."

तो हसला नाही. रात्रभर विचार करतो म्हणाला.

८ नोव्हेंबर

त्रिफुनची आई एवढीशी आहे, पण पिशवीत अख्खं घर घेऊन आली. संताची तसबीर, भाकर, गहू, मेणबत्ती, वर स्वतःचे चमचे. माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या पातेल्यांना नाकं मुरडली. पाद्री आधी कुरकुरला, मग भाकरीवर वाईन ओतली. दारात दोन पोलिश ड्रायव्हर टोप्या काढून उभे होते. त्यांनाही बसवलं. आलेल्याला बसवायचंच असतं.

दोन वाजता त्रिफुन राकियाकडे हात करू लागला. मी बाटली उचलून कपाटात ठेवली.

"मावशी, माझी स्लावा आहे!"

"संध्याकाळी. आधी रोलर."

आई म्हणाली, "ऐक तिचं." तो टोपी घालून निघून गेला. दिवे लागेपर्यंत पुलाच्या बाजूनं रोलरचा आवाज येत होता.

२१ नोव्हेंबर

पाच स्लावा, पाच भाकरी, पाच जणांच्या पाच आया. गव्हावरून भांडण. दोघी म्हणाल्या, देवदूताला गहू करायचा नसतो, गहू मेलेल्यांसाठी, आणि देवदूत तर जिवंत आहे. तिघी म्हणाल्या, आमच्याकडे करतात. शेवटी अर्ध्या टेबलावर गहू, अर्ध्यावर नाही. माणसं एका तासात जेवून उठली. मला वाटतं, आयांपासून पळण्यासाठीसुद्धा असेल.

डांबराचा शेवटचा पट्टा आज टाकला. पहाटे बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता.

४ डिसेंबर

महामार्ग खुला झाला. कुणी मोठा साहेब आला, फीत कापली, बोलला. ल्युबिंको मागे उभा होता, मेहुण्याच्याही मागे. रायकोनं नव्या पुलावरून गाडी घालून बघितली आणि येऊन म्हणाला, "इतके महिने केलंत काय? पूल होता तसाच दिसतो."

"तसाच दिसायला हवा," ल्युबिंको म्हणाला. "मोडून पडलेला पूल सगळ्यांना दिसतो. न मोडलेला कुणाला दिसतो?"

दुपारनंतर एकही ट्रक नाही. घेवडा तसाच उरला. काचा गप्प आहेत, त्याचीच भीती वाटते.

ल्युबिंको निरोप घ्यायला आला. म्हणाला, "मार्चमध्ये दुसरी बाजू. घेवडा चढवून ठेवा. ट्रक पुन्हा इथूनच."

मला आनंद झाला. झाला तो झाला. खानावळ आणखी एक वर्ष जगेल, लिंझ आणखी एक वर्ष लांब. मग समोर पाहिलं. स्तामेनाच्या खिडक्या बंद होत्या.

"सिग्नल बसवाल तरच घेवडा," मी म्हटलं.

"अर्ज वर आहे, विदाबाई."

"मग तो झेंडेवाला माणूस पुलाच्या तोंडाशी उभा करता ना, तसा एक माझ्या दारात उभा करा. दिवसभर. म्हातारं माणूस, पोर, गाय, कोणीही आलं की ट्रक थांबवायचे."

ल्युबिंकोनं टोपी पुढे-मागे केली. "तेवढं माझ्या हातात आहे. करतो."

इतकं सोपं होतं. एप्रिलमध्ये मागितला असता तर एप्रिलमध्येच मिळाला असता. ज्याला मी रोज दोनदा वाढत होते, त्याच्याकडे मागायचं होतं.

१३ डिसेंबर

पुतण्यानं स्तामेनाला घरी आणलं. चार पायांची कुबडी, दारातून आत जायलाच तिला केवढा वेळ. आता ती वसंतापर्यंत बाहेर पडणार नाही, पडू शकणार नाही, आणि पुढेही माझ्या दारापर्यंत येईल असं डॉक्टरांना वाटत नाही.

मी कॉफी केली. दाट, तिला हवी तशी. भांडं तसंच चुलीवरून उचललं, फडक्यात धरलं आणि निघाले. रस्त्यावर काहीच नव्हतं, तरी दोन्हीकडे पाहिलं. मग पलीकडे गेले, फाटक उघडलं, पायऱ्या चढले, तिच्या कपात कॉफी ओतली. भांड्यावरचा फेससुद्धा बसला नव्हता.

स्तामेना एक घोट घेऊन म्हणाली, "आज बरी आहे."

एप्रिलपासून मी इकडून हात करत होते आणि ती तिकडून. तिचे गुडघे गेलेले होते. माझे दोन्ही पाय धड होते.